सूर्यास्तापूर्वीची मेजवानी

रत्नागिरीत एखाद्या विशेष प्रसंगी बाहेर जेवायला जायचे ठरले, की घरातील बोलणे आपोआप समुद्राकडे वळते. काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडून भाट्याच्या टेकडीवर जावे, की मांडवीच्या किनाऱ्याजवळ बसावे? की गाडी काढून आरे-वारेच्या वळणावळणाच्या रस्त्याने, सुमारे 25 किलोमीटरवरील गणपतीपुळ्यापर्यंत जावे? अलीकडच्या काळात या सर्वच बाजूंना चांगली, महागडी म्हणता येतील अशी उपाहारगृहे निघाली आहेत. पांढरी चादर अंथरलेली टेबले, मंद दिवे, काचेपलीकडे समुद्र. मुंबई-गोवा महामार्गावरून येणारा प्रवासी आणि शहरातील सुस्थित कुटुंबे अशा दोघांनाही ती आवडतात. मात्र या सर्वांच्या खाद्यसूचीचे पहिले पान एकाच गोष्टीने भरलेले असते. मिरकरवाड्याचे मोठे मासळी बंदर ज्या गावात आहे, तेथे उत्तम हॉटेल याचा अर्थ उत्तम सुरमई आणि उत्तम पापलेट असाच घेतला जातो. त्यात त्या गावाचा दोष नाही.

अशा गावात एका जैन कुटुंबाने आपल्या वडीलधाऱ्यांच्या विवाहाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची संध्याकाळ कोठे साजरी करावी, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

हे कुटुंब मूळचे शिरोळ तालुक्यातील. थोरला मुलगा नोकरीनिमित्त रत्नागिरीत आला आणि येथेच घर करून राहिला. आईवडील गावी, ऊसशेतीत. धाकटा भाऊ कोल्हापुरात, बहीण पुण्यात. आईवडिलांचा विवाह अक्षय तृतीयेचा. भगवान ऋषभदेवांना श्रेयांस राजाने हस्तिनापुरी इक्षुरसाचा आहार दिला, तो हा दिवस. उसाच्या गावात या तिथीला लागलेले लग्न म्हणजे दुधात साखर, असे अण्णा अजूनही सांगतात. पन्नास वर्षे पुरी होत असताना सर्वांनी रत्नागिरीला जमावे आणि थोरल्याने एका संध्याकाळी सर्वांना ‘चांगल्या ठिकाणी’ जेवायला न्यावे, असे ठरले. माणसे चौदा.

थोरल्याच्या मनात या संध्याकाळीचे चित्र पक्के होते. ज्या आईने आयुष्यभर चुलीपुढे आणि नंतर गॅसपुढे उभे राहून सर्वांना वाढले, तिने एकदा तरी गार हवेच्या दालनात, समुद्रासमोर, शुभ्र टेबलावर बसून दुसऱ्याने वाढलेले खावे. या इच्छेत दिखाऊपणा नव्हता. तिच्यामागे एक जुने शल्य होते. काही वर्षांपूर्वी त्याला बढती मिळाली, तेव्हा त्याने अशाच एका ठिकाणी रात्री साडेआठला सर्वांना नेले होते. आईचा रात्रिभोजनत्याग तिच्या लग्नाआधीपासूनचा. ‘तुम्ही जेवा, मी आपली बसते’ असे म्हणून ती आली आणि दीड तास हसतमुखाने बसली. वाढप्याने तिला तीन वेळा विचारले, ‘आजींना काय आणू?’ तिसऱ्या वेळी तिनेच आपल्यापुढची बशी पालथी घातली. त्या रात्रीचे छायाचित्र दिवाणखान्यात लावलेले आहे. सर्वांसमोर भरलेली ताटे आणि मध्यभागी, ज्या माणसाच्या आशीर्वादाचे कारण सांगून सर्व जमले होते, तिच्यासमोर एक पालथी बशी.

अशी छायाचित्रे अनेक जैन घरांतील भिंतींवर सापडतील. व्रत पाळणारा माणूस समारंभाला हजर असतो, समारंभात नसतो. घरच्यांना त्याची इतकी सवय झालेली असते, की ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. व्रतस्थ व्यक्ती तक्रार करीत नाही, यालाच तिची संमती समजले जाते.

म्हणून यंदा थोरल्याच्या पत्नीने हॉटेल शोधण्याचे काम आपल्याकडे घेतले आणि ठिकाणाच्या आधी वेळ ठरवली. रत्नागिरीत वर्षभरात सूर्यास्ताची वेळ तासाहून अधिक सरकते. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सहा वाजून चार-पाच मिनिटांनी सूर्य मावळतो, तर मेअखेरीस सात वाजून गेलेले असतात. वैशाखातील अक्षय तृतीयेच्या सुमारास सूर्यास्त सातला पाच-सात मिनिटे कमी असताना होतो. शास्त्राप्रमाणे दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे आधी आहार आटोपायचा, तर सहा वाजून पाच मिनिटांच्या आत हात धुतलेले हवेत. पाचला पानावर बसले, तर तासभर मिळतो. हेच लग्न मार्गशीर्षातले असते, तर सव्वापाचला सर्व आटोपावे लागले असते. ती संध्याकाळची मेजवानी न राहता दुपारचा फराळ झाला असता. पश्चिम किनाऱ्यावर राहण्याचा एक लहानसा लाभ मात्र येथे आहे. सूर्य कोल्हापूरपेक्षा तीन-चार मिनिटे आणि हिवाळ्यात नागपूरपेक्षा अर्ध्या तासाच्या आसपास उशिरा मावळतो. व्रत तेच, पण घड्याळ गावोगाव निराळे. दुसऱ्या गावी समारंभ ठरवताना आपल्या गावचे पंचांग पाहून चालत नाही, हे कित्येकांच्या लक्षात येत नाही.

वेळ ठरली आणि पहिला दूरध्वनी झाला.

“साडेसातला समुद्राकडचं टेबल नक्की ठेवतो, ताई.”

“साडेसातला नको. पाचला हवं.”

“पाचला? म्हणजे चहा-भजी वगैरे?”

“नाही, जेवण. पूर्ण जेवण, चौदा माणसांचं.”

पलीकडे क्षणभर शांतता. “पण ताई, आपलं किचन तीनला बंद होतं ते सातलाच चालू होतं.”

हॉटेलांची ही अडचण खरी आहे. दुपारचे जेवण आटोपल्यावर भट्ट्या विझतात, आचारी आणि मदतनीस विश्रांतीला जातात, भांडी घासली जातात. संध्याकाळी सहानंतर हळूहळू चिराचिरी सुरू होते. व्रतस्थ माणसाची जेवणाची वेळ नेमकी हॉटेलच्या झोपेची वेळ असते. तरीही चौदा माणसांसाठी आणि आठ दिवस आधी सांगितले, तर बहुतेक मालक ऐकतात. आयत्या वेळी दारात जाऊन उभे राहिले, तर कोणीही ऐकणार नाही आणि त्याचा राग धरणेही योग्य नाही.

दुसऱ्या ठिकाणी वेळेचे जमले, पण पुढचे बोलणे असे झाले.

“जैन मिळतं ना आमच्याकडे. कांदा-लसूण काढून देऊ.”

“आणि बटाटा?”

“बटाटा तर घालावाच लागेल. नाहीतर भाजी कशाची?”

येथे हसू येते; पण त्या माणसाचे काय चुकले? शाकाहारी पदार्थावर कायद्याने जे हिरवे चिन्ह असते, त्या हिरव्या चौकटीतील हिरव्या ठिपक्याला कांदा ठाऊक नाही, कंदमूळ ठाऊक नाही आणि सूर्यास्त तर नाहीच. विमान कंपन्यांच्या जेवणाच्या यादीत जैन भोजनाला स्वतंत्र सांकेतिक नाव आहे. मुंबईच्या पावभाजीवाल्याने बटाट्याऐवजी कच्चे केळे कधीच स्वीकारले आहे. मात्र लहान शहरातील हॉटेलात ‘जैन’ या शब्दाचा अर्थ अद्याप ‘कांदा-लसूण नको’ एवढाच आहे. तेथे शब्दावर विसंबू नये, पदार्थागणिक विचारावे.

विचारायचे काय, हे या सूनबाईंनी दोन-तीन दूरध्वनींनंतर शिकून घेतले. हॉटेलातील पंजाबी भाज्या मागणीनुसार तयार होतात असे आपण समजतो. प्रत्यक्षात लाल, पांढरा, पिवळा असे दोन-तीन प्रकारचे रस्से सकाळीच मोठ्या पातेल्यांत शिजवून ठेवलेले असतात आणि रात्री त्यांत पनीर किंवा वाटाणे पडतात. काजू व मगजबियांचा पांढरा रस्सा दिसायला निर्दोष, पण अनेक ठिकाणी काजूबरोबर कांदाही उकडलेला असतो. म्हणून ‘कांदा घालू नका’ या सूचनेला अर्थ उरत नाही. तो आधीच आत गेलेला असतो. विचारायचे ते असे : रस्सा आमच्यासाठी वेगळा करणार का? त्यात आले तर नाही ना? सुंठ चालते, ओले आले चालत नाही, हे आचाऱ्याला सांगितले का? बाजारच्या टोमॅटो सॉसमध्ये आणि तयार मसाल्यांत कांदा-लसणाची पूड असते, ती कोठे कोठे पडते? नानच्या पिठात अंडे असते का? सरबतात मध घालतात का? वाढदिवसाचा केक बिनअंड्याचा असला, तरी वरच्या जेलीत काय आहे? ज्या घरांत द्विदलाचा नियम आहे, त्यांना कच्च्या दह्याबरोबर डाळीचे पदार्थ चालत नाहीत. म्हणजे दहीवडा गेला. प्रत्येक घराची मर्यादा वेगळी असते. त्यामुळे चौदा माणसांच्या वतीने एकाच व्यक्तीने बोलावे आणि जो सर्वांत अधिक पाळतो त्याची यादी सर्वांची यादी करावी. एका टेबलावर दोन प्रकारचे जेवण मागवले, की वाढताना घोटाळा झालाच म्हणून समजावे.

तिसऱ्या दूरध्वनीवर मालकाने सरळ आचाऱ्यालाच बोलावले. हे हॉटेल समुद्राकाठचे, नावाजलेले. आचारी कोकणातलाच होता. सर्व ऐकून घेऊन त्याने विचारले, “म्हणजे श्रावणातल्यासारखं?”

या एका प्रश्नात बरेच काही आहे. मासळीच्या गावालाही वर्ज्याचे पंचांग असते. दक्षिण कोकणात मांसमच्छीच्या जेवणाला वशट आणि त्याविरुद्ध जेवणाला शिवराक असे शब्दच आहेत. सोमवार, गुरुवार, संकष्टी, श्रावण, गणपती या दिवसांत कित्येक घरांतील चुलींचे वळण बदलते. जूनच्या 1 तारखेपासून जुलैअखेर तर राज्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवरच बंदी असते. ‘आज चालत नाही’ हे वाक्य येथल्या माणसाला परके नाही. त्यामुळे या प्रदेशात जैन आहाराची ओळख करून देताना पंजाबी खाद्यसूचीतून एकेक जिन्नस वगळत बसण्यापेक्षा कोकणी स्वयंपाकाच्या सोवळ्या बाजूने सुरुवात करणे सोपे जाते.

सूनबाई म्हणाल्या, “हो, श्रावणातल्यासारखं. पण बटाटा, सुरण, रताळं, गाजर नाही. आलं नाही. आणि सूर्य मावळायच्या आत.”

“मग गणपतीतलं करतो. ऋषीची भाजी फक्कड होते माझी.”

ऋषिपंचमीची भाजी! कोकणातील सर्वांत सात्त्विक मानला जाणारा पदार्थ. बैलाच्या कष्टाचे अन्न त्या दिवशी खायचे नाही, म्हणून परसात आपसूक वाढलेल्या भाज्यांची ती केली जाते आणि तिच्यात सुरण हवाच. एका परंपरेत प्राण्याविषयीच्या कृतज्ञतेतून जे कंद ताटात आले, तेच दुसऱ्या परंपरेत अनंतकाय जीवांच्या विचाराने ताटाबाहेर गेले. दोन्हींच्या मुळाशी करुणाच आहे, पण सुरणाच्या बाबतीत त्यांचे एकमत होत नाही. हे आचाऱ्याला सांगितल्यावर तो थोडा हिरमुसला. मग कोकणच्या भांडारातून एकेक वस्तू निघू लागली आणि यादी जमत गेली. रवा लावून परतलेले कच्च्या केळ्याचे काप. ओल्या काजूगरांची उसळ, तिचे वाटण नुसत्या भाजलेल्या खोबऱ्याचे आणि धण्याचे, वर दोन तिरफळे. मुगाचे वरण, त्यात कोकम. लसूण न घालता केलेली सोलकढी. तांदळाचे घावणे. उकडीचे मोदक. आणि वैशाख असल्याने हापूसचा आमरस. रत्नागिरीच्या ज्या आंब्याला 2018 मध्ये कोकणातील इतर जिल्ह्यांच्या हापूसबरोबर भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा हा ऐन हंगाम. ज्या श्वेतांबर घरांत आर्द्रा नक्षत्र लागल्यावर आंबा सोडतात, त्यांनाही हा काळ निर्वेध.

या यादीत एकही पदार्थ असा नाही, ज्यातून काही ‘काढून टाकलेले’ आहे. जैन माणसाला हॉटेलात नेहमी उणे केलेले अन्न मिळते. बटाटा नसलेला वडा, कांदा नसलेली भाजी. कोकणात मुळातच पूर्ण असलेले, त्याला चालणारे ताट उभे राहू शकते, ही गोष्ट घाटावरच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

सर्व जमले असे वाटत असताना खरा प्रश्न पुढे आला. या हॉटेलच्या स्वयंपाकघरात मासळी शिजत होती. आचाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले, की संध्याकाळी पाचला भट्टी रिकामी असते, भांडी वेगळी देऊ, तेल नवे ओतू, तवा घासून घेऊ. थोरल्याला हे पटले. दुपारची विश्रांतीची वेळच सोयीची, त्या वेळी तेथे दुसरे काही शिजत नाही. बहिणीचे यजमान मात्र तयार नव्हते. घरात दोन दिवस कुजबुज चालली. हॉटेल सुंदर आहे, समुद्र समोर आहे, माणसे ऐकून घेणारी आहेत. एवढे मिळाल्यावर आणखी किती ताणायचे, असे धाकट्याचे म्हणणे. या सर्व काळात जिच्यासाठी हे चालले होते, तिला कोणी विचारलेच नव्हते.

शेवटी थोरल्याने गावी दूरध्वनी केला आणि सर्व सविस्तर सांगितले. आईने शांतपणे ऐकले. मग एवढेच विचारले, “त्या तव्यावर दुपारी काय भाजलेलं असतंय रं?”

तो काही बोलला नाही. त्या टेबलाचे आरक्षण त्याने त्याच दिवशी रद्द केले.

याबाबत सर्वांनी एकच मत धरावे असे नाही. वेगळी भांडी आणि वेगळे तेल असल्यास मिश्र स्वयंपाकघर चालते, असे मानणारी धर्मनिष्ठ कुटुंबेही आहेत. प्रवासात, परदेशात तर दुसरा मार्गच नसतो. परंतु ज्याच्या सन्मानार्थ भोजन आहे, त्याच्या मनात प्रत्येक घासाला तवा उभा राहणार असेल, तर समोरचा समुद्र कितीही निळा असून काय उपयोग? मोठ्या हॉटेलची पारख त्याच्या दर्शनी दालनावरून होते, हा शहरी संकेत झाला. श्रावकाला आधी मागच्या दाराने आत जावे लागते.

पर्याय राहिला शहरातील शुद्ध शाकाहारी हॉटेलांचा. मारुती मंदिर ते जयस्तंभ या गजबजलेल्या रस्त्याच्या परिसरात अशी ठिकाणे आहेत. डोसा-इडली, थाळी, खाली गर्दीचा भाग आणि एका बाजूला वातानुकूलित कौटुंबिक दालन असा त्यांचा साधारण थाट. खिडकीतून दिसते ते रिक्षाथांबा आणि औषधाचे दुकान. अशा एका ठिकाणच्या मालकाने सूनबाईंना स्वयंपाकघर आतून दाखवले, पाचची वेळ विनातक्रार मान्य केली आणि कोकणी यादी वाचून म्हटले, “आमचा आचारी उडपीचा आहे, पण ताई, तुम्ही एकदा करून दाखवा, तो करील.” त्याप्रमाणे आदल्या दिवशी काजूगरांची उसळ त्यांनी स्वतः उभे राहून करवून घेतली. अशा ठिकाणांची नावे येथे देण्यात अर्थ नाही. आचारी बदलला, की हॉटेल बदलते; पाटी तीच राहते. प्रश्न मात्र दरवेळी तेच विचारायचे असतात.

थोरला निराश झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. आईला शुभ्र टेबल आणि समुद्र द्यायचा होता, मिळत होते सनमायक्याचे टेबल आणि रिक्षाथांबा. त्याने तसे बोलूनही दाखवले. त्यावर आईचे उत्तर असे होते : “समुद्र कुठं पळून चाललाय का? जेवू आणि मग जाऊ की.”

रत्नागिरीसारख्या शहरात हे शक्य आहे, ही त्या शहराची थोरवी. मुंबईत समुद्राचे दर्शन हॉटेलच्या देयकात धरलेले असते. येथे ते फुकट आहे आणि भर बाजारातून गाडीने काही मिनिटांत गाठता येते. मांडवी, भाट्ये, रत्नदुर्गाची भगवती, थिबा पॉइंट. कोठेही उभे राहावे. ब्रह्मदेशातून पदच्युत करून आणलेला थिबा राजा याच गावात 1916 साली वारला. त्याच्यासाठी 1910 च्या सुमारास बांधून पुरा झालेला राजवाडा अजून उभा आहे. त्यालाही येथे मनासारखे काही मिळाले नाही, पण हे क्षितिज मिळाले.

आणि जेवणाच्या पंगतीविषयी या गावाला एक वेगळीच स्मृती आहे. स्वातंत्र्यवीर सावरकर 1924 ते 1937 या काळात येथे स्थानबद्ध असताना सर्व जातींची सहभोजने झाली, भागोजीशेठ कीर यांच्या औदार्याने 1931 मध्ये पतितपावन मंदिर उभे राहिले आणि कोणत्याही जातीच्या हिंदूला प्रवेश असलेले उपाहारगृहही येथे निघाले. तो प्रश्न निराळा आणि फार मोठा होता. त्याच्याशी एका कुटुंबाच्या जेवणाची तुलना करू नये. तरीही कोण कोणाबरोबर पानावर बसू शकतो याचा विचार या गावाने एकेकाळी गंभीरपणे केला होता, एवढे येथे आठवते.

अक्षय तृतीयेच्या दिवशी गाडीच्या मागच्या भागात उसाच्या दोन मोळ्या आल्या, अण्णांच्या शेतातल्या. आंबा घाट उतरून, लांबचा प्रवास करून. रस काढायचा कोठे, हा शेवटचा गोंधळ. रसवंतीगृहात रसाबरोबर आले आणि लिंबू चरकात जाते आणि पेल्यात बर्फ पडतो. सूनबाई आणि धाकटे दीर सकाळीच जाऊन चरक पाण्याने धुऊन घेण्याची विनंती करून आले. रसवंतीवाल्याने कारण विचारले. ऋषभदेवांची कथा त्याने अर्धी ऐकली, तेवढ्यात गिऱ्हाईक आले. पण दुपारी चारला त्याने चरक धुऊन ठेवला होता आणि आपले आले बाजूला डब्यात झाकले होते. पैसे घेताना म्हणाला, “उसाचे नाही घेत, फक्त मजुरी द्या.”

पाचला दहा कमी असताना सर्व दालनात शिरले. मालकाने सनमायक्याच्या चार टेबलांवर पांढऱ्या चादरी घातल्या होत्या. त्या कोपऱ्यात थोड्या लहान पडत होत्या. आईने पिशवीतून गाळलेल्या पाण्याची कळशी काढून आपल्याजवळ ठेवली. सर्वांना प्रथम रस दिला गेला, मग पाने वाढली गेली. काजूगरांची उसळ आचाऱ्याने आदल्या दिवसापेक्षा चांगली केली होती. केळ्याचे काप मात्र थोडे करपले. पुण्याच्या नातवाला ते मासे वाटले आणि तो घाबरून आईकडे पाहू लागला, त्यावर मोठा हशा झाला. मोदक फुटले होते. उडपीच्या हाताला कळ्या पाडण्याची सवय नव्हती. आईने दोन वेळा आमरस मागून घेतला. ‘वाढा’ असे तिने हॉटेलात कोणाला म्हटल्याचे घरातील कोणाच्या आठवणीत नव्हते.

दालनात दुसरे कोणीही नव्हते. बाहेर भर उन्हात रिक्षावाले पेपर वाचत होते. सहाला पाच मिनिटे असताना अण्णांनी खिशातील घड्याळ पाहिले. आईने चूळ भरली, हात जोडले आणि णमोकार म्हटला. थोरल्याने छायाचित्र काढले, ते या क्षणानंतरचे. त्यामुळे त्यात सर्वच ताटे रिकामी आहेत.

त्यानंतर तीन गाड्या खाडीच्या पुलावरून भाट्याला गेल्या. सुरूच्या बनाजवळ वाळूत चादर अंथरली गेली. तीच, हॉटेलातली, मालकाने मागून दिली होती. मुले पाण्याकडे धावली. टेकडीवरच्या हॉटेलांत एव्हाना दिवे लागू लागले होते आणि जेवणाला येणाऱ्यांच्या गाड्या वर चढताना दिसत होत्या. वैशाखात कोकणचा समुद्र धुरकट असतो. सूर्य पाण्याला टेकण्याआधीच फिका होत होत त्या धुरात विरून गेला. नेमका कधी मावळला, यावर दोघा भावांचा वाद झाला. धाकट्याने भ्रमणध्वनीवर वेळ पाहिली. आई काही बोलली नाही. ती वाळूत पाय पसरून पाण्याकडे पाहत होती.

अण्णांनी पुन्हा घड्याळ काढले आणि म्हणाले, “आपल्याकडं चार मिनिटं आधीच बुडाला असंल.”